कागदावरचे घर आणि कामगाराचा पगार : बोईसर-पालघरमधील बुकिंगचे गणित

पालघर किंवा बोईसर स्टेशनबाहेर आले की घरांच्या जाहिराती समोर येतात. वन बीएचके, स्टेशनपासून काही मिनिटांवर, थोडक्या रकमेत बुकिंग. चित्रात बाग असते, प्रत्यक्षात जागेवर गवत असते. असे कागदावरचे घर घेणाऱ्यांत तारापूर एमआयडीसीतील कामगार, शिक्षक, रेल्वे व सरकारी नोकरीतील चतुर्थश्रेणी कर्मचारी आणि मुंबईचे भाडे न परवडणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे त्यांतच येतात. भाड्याचे घर शोधताना आडनाव विचारले जाते, म्हणून स्वतःचे घर हा आपल्यासाठी केवळ गुंतवणुकीचा विषय नाही, सन्मानाचाही आहे. नेमक्या याच भावनेमुळे घाईत सही होते.

बोईसर हे कामगाराच्या घराचे ठिकाण आहे ही ओळख जुनी आहे. २००९ मध्ये टाटा हाउसिंगने बोईसरजवळ बेटेगाव येथे ‘शुभ गृह’ योजना जाहीर केली. २८३ चौरस फुटांचे घर ३ लाख ९० हजारांपासून होते आणि घरांचे वाटप सोडतीने झाले. कमी पगाराच्या माणसालाही घर हवे आहे, हे तेव्हाच बाजाराला कळले. त्यानंतर पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा २०१३ मध्ये डहाणूपर्यंत पोहोचली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर बोईसरला स्थानक ठरले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६ हजार २२० कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. प्रत्येक घोषणेबरोबर विक्रेत्यांना नवा मुद्दा मिळाला.

इथे पहिला प्रश्न विचारला पाहिजे. आज मागितल्या जाणाऱ्या भावात आज असलेल्या गोष्टी किती आणि उद्या येणाऱ्या किती? बुलेट ट्रेन सुरुवातीला २०२३ पर्यंत धावणार होती, ती धावली नाही. वाढवण बंदराला मच्छीमार आणि आदिवासींचा विरोध कायम आहे. प्रकल्प लांबला तर सरकारचे वेळापत्रक बदलते, बिल्डर पुढची जाहिरात करतो, पण वाढीव भाव देऊन बसलेल्या कुटुंबाचा हप्ता थांबत नाही. शिवाय जाहिरातीत न येणाऱ्या गोष्टीही आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत वरच्या क्रमांकावर होते. अणुऊर्जा केंद्राभोवतीच्या ५ किलोमीटर परिसरात लोकवस्तीच्या वाढीवर प्रशासकीय नियंत्रण असते. पाणी कुठून येणार, हा प्रश्नही नमुना फ्लॅट पाहताना कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. बांधकाम पूर्ण होण्याआधी पैसे देणारा ग्राहक हा खरे तर बिल्डरला भांडवल पुरवत असतो. एक साधे उदाहरण घेऊ. १८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी काढले आणि बँकेने सर्व रक्कम बिल्डरला दिली, तर नुसते व्याज महिन्याला १३ हजार ५०० रुपये होते. राहत्या खोलीचे भाडे ६ हजार धरले तर महिन्याला १९ हजार ५०० रुपये जातात. ताबा २ वर्षे लांबला तर ४ लाख ६८ हजार रुपये गेले आणि मुद्दल एका रुपयानेही कमी झाले नाही. तयार घरापेक्षा स्वस्त म्हणून घेतलेले घर अशा रीतीने महाग पडते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्या घरावर लागतो, हा फरकही हिशेबात धरायला हवा. कंत्राटी कामगाराचे काम मधेच सुटले, तर भाडे आणि व्याज ही दोन्ही ओझी एकदम अंगावर येतात.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, हे खरे. १ मे २०१७ पासून महारेरा काम करते. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. घर २४ लाखांचे असेल तर ही मर्यादा २ लाख ४० हजारांची. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. किंमत चटई क्षेत्रावर सांगावी लागते. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. ताबा वेळेत मिळाला नाही तर कलम १८ प्रमाणे व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर ठेवून विलंबाचे व्याज मागता येते. ताब्याची तारीख बिल्डरने महारेराकडे नंतर कळवलेली नव्हे, तर करारातील धरायची, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात स्पष्ट केले. म्हणून करारात तारीख कोरी ठेवणे किंवा सगळा व्यवहार साध्या पावतीवर करणे म्हणजे हा हक्क आपल्याच हाताने सोडून देणे होय.

मात्र रेरा क्रमांक दिसला की सर्व ठीक, हा समज धोक्याचा आहे. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींसाठी रेरा नोंदणी मिळवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. आपल्याच जिल्ह्यात नालासोपारा येथे आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. घर घेणाऱ्यांनी पैसे मोजले होते, अनेकांच्या डोक्यावर कर्जही होते. इमारत गेली तरी कर्ज राहते. तसेच ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा घरे ८ पेक्षा जास्त नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. लहान इमारतीत घर घेणाऱ्याने तर जास्तच सावध राहावे.

आपल्या भागात जमिनीचा प्रश्न याहून खोल आहे. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन सक्षम परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. ती परवानगी नसेल तर वर बांधलेल्या घराचा पायाच कच्चा. आणि ती जमीन एखाद्या आदिवासी कुटुंबाची फसवणूक करून घेतली असेल, तर आपले घर दुसऱ्या वंचिताच्या नुकसानीवर उभे राहते, हेही विसरू नये. बोईसरसारख्या शहराएवढ्या वस्तीचा कारभार अजून ग्रामपंचायतींकडे आहे. तेथे ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला किंवा घरपट्टीची पावती दाखवून इमारत अधिकृत असल्याचे सांगितले जाते. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

म्हणून बुकिंगपूर्वी हे कागद पाहावेत : जमिनीचा सातबारा व फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि जमिनीवरील बोजाची माहिती. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान पाहावे, पण तिथे लावलेला परवानगीचा कागद खरा आहे का, हे परवानगी देणाऱ्या कार्यालयातच विचारावे. माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. वकिलाची फी वाचवण्यासाठी आयुष्याची कमाई पणाला लावू नये.

सगळा भार ग्राहकावर टाकूनही चालणार नाही. महारेराने व्याजाचा आदेश दिला तरी वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हा प्रशासनाकडून होते. आदेश हातात असणे आणि पैसे हातात पडणे यांत मोठे अंतर आहे. ते कमी करणे ही पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची जबाबदारी आहे. त्याच कार्यालयाने अधिकृत परवानगी असलेल्या प्रकल्पांची गावनिहाय यादी मराठीत लावली, तर हजारो कुटुंबे वाचतील. ही मागणी कामगार संघटना, रहिवासी मंडळे आणि आपल्या विहारांच्या समित्यांनी मिळून लेखी स्वरूपात केली पाहिजे. एकटा ग्राहक विक्री कार्यालयात गेला की त्याच्यापुढे सहीचा कागद येतो. दहा जण एकत्र गेले की परवानगीचे कागद मागता येतात.