आजोबांचे नाव

पेशवे दप्तरातील कागद चाळणाऱ्यास हे लवकरच ध्यानी येते की, पुण्याच्या या घराण्यात मुलांची नावे हौसेने शोधली जात नसत, तर वतनाप्रमाणे वंशपरंपरेने चालत येत. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये निवर्तले आणि त्यांच्या पश्चात जन्मलेल्या नातवास बाळाजी हेच नाव मिळाले. परंतु सासऱ्याचे नाव उच्चारणे सुनेस वर्ज्य असल्यामुळे अशा नातवांस घरोघरी नाना, बापू, तात्या, अण्णा अशी हाकेची नावे पडत, आणि हे बाळाजीही इतिहासास मुख्यतः नानासाहेब म्हणूनच ठाऊक आहेत. छत्रपती शाहूंचे मूळ नाव शिवाजी, तेही आजोबांचेच.

नावाबरोबर कर्तृत्व येतेच असे नव्हे. थोरल्या बाजीरावांच्या नातवाने, दुसऱ्या बाजीरावाने, १८१८ साली राज्य गमावून त्याची साक्ष पुरेशी दिली आहे!

तथापि ज्या नावाचा अर्थ आईबापांनाच मोबाइलवर धुंडाळावा लागतो, त्याच्या हव्यासापायी विश्वाचा स्वामी असा विश्वनाथ किंवा रघुकुळाचा अधिपती असा रघुनाथ केवळ जुनाट म्हणून बाद ठरवावा, हे मला रसिकतेचे लक्षण वाटत नाही. बारशाला दोन-चार नावे ठेवण्याची आपली वहिवाट आहेच. तेव्हा हौसेचे नाव जन्मदाखल्यावर खुशाल नोंदवावे, पण आत्याबाईंनी बाळाच्या कानात पहिले नाव मात्र पणजोबांचे सांगावे, एवढीच विनंती.