बायपासच्या टेबलावर बोटांचा अंदाज पुरेसा नाही

चाकण-भोसरी पट्ट्यात क्वालिटी विभागात काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, की फोर्जिंगचा भाग वरून गुळगुळीत दिसला म्हणजे आतून निर्दोष असतोच असे नाही. आतली भेग शोधण्यासाठी अल्ट्रासॉनिक चाचणी असते. हृदयशस्त्रक्रियेत मात्र शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, निरोगी आहे की नाही हे बोटांनी चाचपून ठरवण्याची पद्धत जगभर अजूनही रूढ आहे. ती बदलायला हवी.

नेहमीच्या बायपासमध्ये हार्ट-लंग मशीनची नळी महाधमनीत घालतात, तिच्यावर चिमटा लावतात आणि नव्या रक्तवाहिनीचे टोक बहुधा तिलाच शिवतात. तिच्या भिंतीत चरबीचे आणि कॅल्शियमचे थर साचले असतील, तर या हाताळणीत त्यांचे कण सुटून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. बायपासनंतर साधारणपणे शंभरातल्या एक-दोन रुग्णांना पक्षाघात होतो. हा आकडा लहान वाटतो. पण ज्याचे पोट मशीनवर किंवा स्टिअरिंगवर चालते, त्याचा हात लुळा पडला की हृदय वाचूनही रोजगार जातो.

बोटांना कॅल्शियमचा कडक थर कळतो. मऊ थर निसटतो, आणि तोच सहज तुटणारा असू शकतो. अन्ननलिकेतून केलेल्या इकोलाही मर्यादा आहे. मध्ये हवेने भरलेली श्वासनलिका येते आणि महाधमनीचा नेमका चिमटा लावण्याच्या आसपासचा भाग नीट दिसत नाही. छाती उघडल्यावर निर्जंतुक आवरणातला प्रोब थेट महाधमनीवर ठेवला, तर काही मिनिटांत चित्र स्पष्ट होते. मग सर्जन नळीची किंवा चिमट्याची जागा बदलू शकतो. थर फारच असतील, तर महाधमनीला हात न लावता, छातीच्या आतल्या धमन्या वापरून धडधडत्या हृदयावर बायपास करता येते.

अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी नेहमी करणे योग्य म्हटले आहे. सक्ती केलेली नाही. तिच्यामुळे पक्षाघात नक्की किती टळतात, याचा मोठ्या चाचण्यांतून निर्णायक पुरावा नाही, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक पक्षाघात महाधमनीमुळे होत नाही, हेही खरे. पण या तपासणीला वेगळा छेद, किरण किंवा डाय लागत नाही आणि तिच्यामुळे शस्त्रक्रियेचा आराखडा वेळेवर बदलता येतो. एवढी माहिती हाताशी असताना ती न घेण्याचे समर्थन कठीण आहे.

म्हणून निदान साठीपुढचे, मधुमेही, धूम्रपान करणारे आणि आधी पक्षाघात झालेले यांच्याबाबत ही तपासणी नियम व्हावी. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि कर्मचारी राज्य विमा योजना यांनी बायपासच्या कागदपत्रांत तिची नोंद मागावी; पैसे देणाऱ्याने विचारले की पद्धत लवकर रुजते. रुग्णालयांनी प्रोबसोबत प्रशिक्षणावरही खर्च करावा. आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी नातेवाइकांनी सर्जनना विचारावे, ‘ऑपरेशनच्या वेळी महाधमनीची सोनोग्राफी करणार आहात का?’