रोज पाच वाक्यं, स्वतःची

‘दादा येणार नाही आला तर फोन करा.’ तिसरीतल्या पोरानं अशी चिठ्ठी ठेवली, तर शेजारच्या मावशींनी काय समजायचं? ‘येणार’नंतर पूर्णविराम असेल, तर दादा येतोय. ‘नाही’नंतर असेल, तर येत नाही. भात किती जणांचा टाकायचा, ते त्या टिंबावर ठरतं.

हे टिंब कुठं द्यायचं ते शिकवायला आपल्या शाळांत सवड उरत नाही. श्रुतलेखन कधीमधी, मनातलं वाक्य लिहिणं त्याहून कमी. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, उरलेलं गाईडमधून उतरवा. वही भरते, वाक्य येत नाही. मुलांना काय येतं ते बघणारी ‘असर’ची पाहणीसुद्धा मुख्यतः वाचन आणि गणितच तपासते. जे तपासायचंच नाही, त्याला वेळ कोण देणार?

सोलापुरात हे जास्तच महागात पडतं. पूर्वभागातलं लेकरू घरी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, आणि गल्लीत सगळेच ‘काय करायलास बे?’ अशा मुलानं ‘आई विडी वळते मी गोष्ट वाचतो अण्णा लूमवर गेला’ असं एका दमात लिहिलं, तर पान लाल करू नका. त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा. तो दोनदा थांबेल. तिथं त्याच्याच हातानं पूर्णविराम पडू द्या, शेवटीही एक. ‘करायलास’ला तर हातच लावू नका, पुढं प्रश्नचिन्ह आहे का, तेवढं बघा. ऱ्हस्व-दीर्घ पुढंही शिकवता येतं. लिहायची धास्ती बसली, तर ती निघता निघत नाही.

मुलांचंच काय, मोडीच्या सलग लिखाणातही ही चिन्हं नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या साहेबानं ती मराठीत रुळवली. म्हणजे ती आपोआप येत नाहीत, शिकवावी लागतात.

म्हणून मागणी एवढीच: महापालिका आणि जिल्हा परिषदेनं दुसरी ते चौथीला रोज पंधरा मिनिटं स्वतःच्या पाच वाक्यांसाठी राखावीत, आणि तेवढ्या वेळात गुरुजींकडं कुठलीही माहिती तातडीनं मागू नये. आईबापांनो, तुम्हाला मराठी लिहिता येत नसेल तरी अडत नाही. रात्री ती पाच वाक्यं ऐका. निवृत्त गुरुजी आणि बाई, घराजवळच्या शाळेला आठवड्याचा एक तास द्या. वर्गात साठ वह्या असतील, तर एकट्या बाईंना त्या रोज बघणं जमणार नाही. येत्या सोमवारी मुख्याध्यापकांना भेटा आणि वार ठरवूनच घरी या.