पळी म्हणजे किती?

दिवाळीच्या चार दिवस आधी जर्मनीहून फोन आला. फोन माझ्या भाचीचा, म्हणजे वैदेहीचा. पण तिला मी नको होतो, मामी हवी होती.

"मामी, तुझ्या वहीत लिहिलंय, चार वाट्या भाजणीला दोन पळ्या मोहन. पण पळी म्हणजे किती? इथल्या मापांवर मिलिलिटर असतात."

आमच्या सौभाग्यवतींनी क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, "अगं, पळी म्हणजे आपली पळी!"

पलीकडून मोठा उसासा ऐकू आला. "मामी, इथं येऊन वर्ष झालं, मी सगळ्यांना हेच सांगतेय. नर्स म्हणजे आपली नर्स! पण कुणाला पटत नाही."

वाचकहो, हा उसासा चकलीचा नव्हता, हे सांगायला नकोच. वैदेहीने पुण्यात चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवले आणि सहा वर्षे अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. ती बातमी वाचून आमच्या ताईच्या मनाने जी उचल खाल्ली, ती लेक विमानात बसेपर्यंत खाली आली नाही. जर्मन भाषेचा वर्ग मात्र वैदेहीने आधीच लावलेला होता. स्टुटगार्टजवळच्या एका इस्पितळात तिला काम मिळाले. ताईने घरोघर पेढे वाटले.

महिन्याभराने वैदेहीचा गणवेशातला फोटो आला. ताईने चष्मा लावून छातीवरची पट्टी वाचायचा प्रयत्न केला. जर्मन येत नव्हते हे एका अर्थी बरेच झाले. पट्टीवर 'मदतनीस' अशा अर्थाचा शब्द होता. मला ते कळले होते. मी बोललो नाही. ताईला पुढे कळले, तेव्हा तीही कुणाशी बोलली नाही.

मी मात्र घरात खूप बोललो. "चार वर्षांची पदवी! सहा वर्षांचा अनुभव! आणि यांनी मुलीला मदतनीस करावं?" वगैरे वगैरे. या भाषणांना सौभाग्यवती हा एकच श्रोता होता आणि तोही भाजी निवडत असे.

मग वैदेहीनेच एकदा मला सारे समजावून सांगितले. तिथे परदेशातल्या परिचारिकेचा अभ्यासक्रम सरकारी कचेरीत तासातासाने तपासतात, आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात आणि काय कमी पडते त्याची यादी हातात देतात. मग परीक्षा द्या किंवा काही महिने प्रत्यक्ष काम करीत शिक्षण घ्या. शिवाय भाषेची परीक्षा आहेच. हे सारे पुरे होईपर्यंत मदतनीस.

"पण कमी काय पडलं?" मी विचारले.

"आपल्याकडे पेशंटला पुसून काढणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे बरंचसं नातेवाईक करतात. किंवा मावशीबाई. इथं नातेवाईक भेटायला येतात आणि फुलं ठेवून जातात. बाकी सगळं नर्स करते. उलट शिरेत सुई घालणं माझ्या हातचा मळ, पण ते इथं बहुधा डॉक्टर करतात. दोन्हीकडे नाव एकच, काम मात्र वेगळं."

माझे भाषण तिथेच आटोपले. पळी इथेही आहे आणि तिथेही आहे. तीत मावते किती, हा प्रश्न.

हे दुखणे आजचे नाही. १९३० साली लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानातल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिशास्त्राचे प्रत्यक्ष शिक्षण इथे पुरेसे मिळत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. तीत राज्यकर्त्यांची घमेंड होती, हे उघड आहे. पण आपल्या लोकांनी नुसता संताप केला नाही. १९३३ साली इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला आणि उच्च वैद्यकीय शिक्षणाचे देशभर एक किमान माप ठरवणारी संस्था उभी राहिली. त्यापूर्वी ते देशी माप नव्हतेच. आपल्याच घरात वजनांचा मेळ नसेल, तर परगावचा वाणी आपले वजन कशाला मानील?

आमच्या वाडवडिलांना हे चांगले ठाऊक होते. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नसे. १९५६ चा कायदा झाला, पाठोपाठ किलो आला, आणि बाजारातला तंटा मिटला. विद्येचा किलो आणायचा उद्योग त्या मानाने अलीकडचा. युरोपने २००८ साली आठ पायऱ्यांची एक शिडी ठरवली. आपल्याकडे डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. त्याच्या पायऱ्या तेव्हा दहा होत्या. माणूस कोणत्या शाळेत किती वर्षे बसला एवढ्यावर न थांबता, त्याला काय समजते, काय करता येते आणि किती जबाबदारी पेलते, यावरून पायरी ठरवावी, अशी ही कल्पना. जर्मनांच्या शिडीवर तर हाताने काम करणारा उस्ताद कारागीर आणि विद्यापीठाचा पदवीधर एकाच, सहाव्या पायरीवर उभे आहेत. हे मी आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना सांगितले. ते दोन दिवस फिरायला आले नाहीत.

अर्थात पायरी कळली म्हणजे दार उघडले असे नव्हे. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी एकमेकांच्या पदव्या मानण्याचा करार केला. पण वैद्यक, नर्सिंग, कायदा, अभियांत्रिकी असे व्यवसाय त्यातून बाहेर ठेवले. पुढे शिकायला पदवी चालेल, व्यवसायाचा परवाना निराळा. अभियंत्यांसाठी वॉशिंग्टन करार आहे. २०१४ साली भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा लाभ त्या कसोटीवर उतरलेल्या अभ्यासक्रमांनाच. जिथे चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजावी लागते, तिथे पहारेकरी कडक असणारच. त्याने कडक असावे. आडमुठे नसावे, एवढेच आपले मागणे.

असे तात्पर्य काढून मी थांबलो असतो, तर हा लेख नेहमीसारखा सुखान्त झाला असता. पण वैदेहीने फोन ठेवण्यापूर्वी विचारले, "आजीला कुशीवर कोण वळवतं?"

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दीड वर्ष अंथरुणावर आहे. "मंदाबाई," मी म्हणालो.

"किती वेळानं?"

मला माहीत नव्हते. आतून मंदाबाईंनीच उत्तर दिले, "दर दोन तासांनी, ताई. पाठीला कुठं लाल दिसलं तर त्या कुशीवर नाही ठेवत."

"दीड वर्षात आजीला एक जखम नाही," वैदेही म्हणाली. "मामा, यांनी जे केलंय ना, तेच इथं मला नव्यानं शिकवतायत."

मी गप्प झालो, त्याला कारण होते. महिन्यापूर्वीच मंदाबाईंनी माझ्याकडे एक चिठ्ठी मागितली होती. मुलीच्या फीसाठी त्यांना रात्रीचे आणखी एक काम हवे होते आणि त्या घरच्यांना ओळखीचा कागद हवा होता. मी मोठ्या औदार्याने लिहून दिले होते : 'बाई प्रामाणिक व वेळेवर येणाऱ्या आहेत.' पंधरा वर्षे त्या आजारी माणसे सांभाळीत आल्या आहेत, आणि त्यांना काय येते याचा एक शब्दही त्या कागदावर नव्हता! ते काम त्यांना मिळाले नाही. मिळावे तरी कशाच्या जोरावर? त्या जर्मन कचेरीने निदान यादी तरी केली होती.

कामावरच शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत केली गेली, हे मला ठाऊक होते. वर्षभर मी जर्मनांना न्याय शिकवीत होतो. मंदाबाईंना मात्र ही गोष्ट सांगायचे सुचले नव्हते.

त्या रात्री मी नवी चिठ्ठी लिहायला बसलो. मंदाबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. कुशीवर वळवणे, नळीतून अन्न देणे, साखर तपासून वहीत मांडणे, ताप चढला तर कुणाला आणि केव्हा कळवायचे. पान भरले. वाचून दाखवले तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "एवढं सगळं मला येतं होय?"

स्वयंपाकघरात सौभाग्यवती आईच्या औषधाच्या मापाने पळीतले पाणी मोजत होत्या. मग त्यांनी जर्मनीला कळवले, "पळी म्हणजे तीस मिलिलिटर. दोन पळ्या घाल, आणि तेल कडकडीत असू दे."

चकल्या खुसखुशीत झाल्याचे वृत्त आहे. वैदेहीची परीक्षा फेब्रुवारीत आहे.