न्यूजग्रुपला चालतं यंत्र हवं

खारघर स्टेशनवर उतरून समोरच्या रेनट्री मार्गाला लागलं, की भारती विद्यापीठाजवळ सी-डॅकचं केंद्र आहे. स्टेशन खारघरचं असलं तरी टपालाचा पत्ता मात्र सेक्टर ७, सीबीडी बेलापूर, ४००६१४. हे केंद्र मुळात एनसीएसटीचं, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीचं. १९८५ मध्ये ही संस्था टीआयएफआरमधून वेगळी झाली. तिचं मुख्य ठाणं जुहूला होतं आणि डॉ. श्रीनिवासन रमाणी तिचे पहिले संचालक. पुढे २००२च्या अखेरीस ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. देशातल्या इंटरनेटचं पहिलं दशक ज्यांनी उभं केलं, त्यांत या संस्थेचं नाव फार वर येतं. त्या दशकातलं एखादं युनिक्स वर्कस्टेशन सुरू करून त्यावर यूजनेटचे न्यूजग्रुप, म्हणजे विषयवार चर्चागट, उघडून दाखवण्याची सोय याच पत्त्यावर असायला हवी, हा या आठवड्याचा आग्रह आहे.

आग्रहामागे कारण आहे. ईआरनेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांचा त्याला पैसा होता. एनसीएसटी, आयआयएससी आणि पाच आयआयटी त्यात होत्या. १९८६-८७च्या सुमारास जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या डायल-अप लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. त्यानंतर परदेशाशी दुवा जोडला गेला तो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या यूयूनेटशी. ही यूयूनेट रिक अ‍ॅडम्स यांनी १९८७ मध्ये काढली होती, आणि तिचं पहिलं काम होतं मेल आणि यूजनेटच्या न्यूज पोचवणं. म्हणजे मुंबईहून निघालेल्या तारेचं दुसरं टोक न्यूजग्रुपसाठीच जन्मलेल्या संस्थेत होतं. १९९२ मध्ये ही लाइन ६४ केबीपीएसची झाली. देशातल्या शहरांना जोडणाऱ्या लाइन तेव्हा ९.६ केबीपीएसच्या होत्या. त्या वेगाने दहा लाख बाइट मजकूर यायला सुमारे १४ मिनिटं लागतात. ज्यांनी हा काळ पाहिला नाही, त्यांनी एकदा १४ मिनिटं पडद्यासमोर बसून बघावं.

यूजनेटची कल्पना साधी होती. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना ती १९७९ मध्ये सुचली. मधोमध मालक नाही, एकच सर्व्हर नाही. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर रात्री शेजारच्या यंत्राकडे, तिथून पुढच्याकडे, असा जायचा. एसटीच्या गाडीतून पार्सल एका स्टँडवरून दुसऱ्या स्टँडवर जावं, तसा. प्रत्येक यंत्राकडे स्वतःची प्रत राहायची. १९८६ मध्ये एनएनटीपी हा नियमसंच ठरला, पोर्ट क्रमांक ११९ मिळाला आणि मग ताटकळत राहणाऱ्या थैल्यांऐवजी थेट जोडणीवरून लेख वाचता येऊ लागले.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे. समजा एखाद्या कॉलेजच्या अडगळीत १९८९च्या सुमाराचं सन स्पार्कस्टेशन सापडलं. पहिला अडथळा सॉफ्टवेअरचा नसतोच. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये घड्याळ, नेटवर्कचा पत्ता आणि सुरुवातीच्या सेटिंग असतात. तिची बॅटरी चिपच्या आतच राळेत बुजवलेली असते. दहा-पंधरा वर्षांत ती संपते. मग यंत्र आपला इथरनेट पत्ताच विसरतं आणि आयडीप्रॉममधला मजकूर चुकीचा असल्याची तक्रार पडद्यावर येते. ‘ओके’ असा संकेत दिसतो तिथे हातानेच तो पत्ता पुन्हा भरावा लागतो. काही जण राळ कोरून बाहेरून नाण्याएवढी बॅटरी जोडतात. लॅमिंग्टन रोडवर त्यासाठी लागणारं सगळं मिळतं. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर तपासल्याशिवाय मात्र कोणी बटण दाबू नये. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलीत ठेवलेल्या यंत्राच्या बाबतीत तर हे आधी.

दुसरा अडथळा कंपायलरचा. सनओएस ४ बरोबर सी भाषेचा कंपायलर येई, पण तो जुन्या, केर्निघन-रिची वळणाचा. पुढच्या सोलारिस २ मध्ये सनने तो काढूनच घेतला आणि वेगळा विकायला ठेवला. ‘सीसी’ ही आज्ञा दिली, तर भाषेचं ऐच्छिक पॅकेज बसवलेलं नाही एवढंच उत्तर येतं. नवशिक्याचे दोन दिवस इथे सहज जातात. जीसीसी बसवावा लागतो, आणि जीसीसी बांधायला आधी कुठला तरी कंपायलर लागतो. म्हणून तयार बायनरी मिळवणं हाच शहाणपणाचा रस्ता.

मग न्यूजरीडर, म्हणजे लेख वाचायचा प्रोग्रॅम. इथे निवड महत्त्वाची. लॅरी वॉल यांचा ‘आरएन’ १९८४चा. त्यातूनच वेन डेव्हिसन यांचा ‘टीआरएन’ आला, जो उत्तरांची साखळी झाडासारखी दाखवतो. डेन्मार्कचे किम स्टॉर्म यांचा ‘एनएन’, आणि १९९१ मध्ये इयान ली यांनी आणलेला ‘टिन’. ‘आरएन’ बांधताना ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालते. ती यंत्राला हात लावून बघते, हे फंक्शन आहे का, ती हेडर फाइल कुठे आहे, आणि न सापडलेलं माणसाला विचारते. युनिस नावाचं एक युनिक्सचं सोंग तेव्हा व्हीएमएसवर चालत असे. आपलं यंत्र युनिस नाही हे कळल्यावर स्क्रिप्ट चक्क अभिनंदन करते. शेकडो वेगवेगळ्या युनिक्सवर एकच प्रोग्रॅम चालावा ही धडपड त्या एका फाइलमध्ये दिसते. याच वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल भाषा आणली आणि तिच्या बांधणीतही हीच पद्धत राहिली. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती स्क्रिप्ट ओळीने ओळ वाचायला द्यावी. पोर्टेबिलिटीवरच्या दहा व्याख्यानांत जे कळणार नाही ते तिथे कळतं.

बांधणी झाली तरी लेख दिसतातच असं नाही. सनओएस ४ मूळ रूपात यंत्रांची नावं डीएनएसऐवजी एनआयएस किंवा होस्ट फाइलमध्ये शोधतं. सर्व्हरचा क्रमांक त्या फाइलमध्ये लिहून टाकणं हा सगळ्यांत सोपा उपाय. त्यापुढची भिंत मोठी आहे. आजचे न्यूज सर्व्हर ओळख मागतात आणि बरेचसे ५६३ क्रमांकाच्या पोर्टवर टीएलएसचं आवरण घालूनच बोलतात. १९८९च्या यंत्राला ते आवरण ठाऊकच नाही आणि शिकवायला गेलं तर २० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर धापा टाकतो. म्हणून मध्ये एक मध्यस्थ ठेवायचा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ‘लीफनोड’ हा छोटा न्यूज सर्व्हर बसवायचा. बाहेरच्या जगाशी सुरक्षित बोलणं त्या पायने करायचं आणि जुन्या यंत्राशी साध्या ११९ पोर्टवर. लीफनोडची एक खुबी आहे: जे ग्रुप कोणी तरी वाचतं, तेवढेच तो आणतो.

ज्यांना वाचनावर न थांबता जुन्या पद्धतीचा पूर्ण सर्व्हर उभारायचा असेल, त्यांनी टोरांटोच्या हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांचं ‘सी न्यूज’ घ्यावं. पण डिस्क फॉरमॅट करतानाच आयनोडचा, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठी राखलेल्या जागांचा, विचार करावा. तिथे प्रत्येक लेख ही एक वेगळी फाइल असते. हजारो चिमुकल्या फाइलींनी आयनोड संपतात आणि डिस्कवर जागा शिल्लक असूनही यंत्र जागा नाही म्हणतं. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. सगळं पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते.

हा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. शिवाय गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे लेख घेणं आणि पाठवणं बंद केलं, खुद्द ड्यूक विद्यापीठाने आपला सर्व्हर २०१० मध्येच बंद केला, मग उरलं काय? उरलं आहे ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही. स्पेन्सर यांनी टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात १९८१ ते १९९१ या काळातले लेख १४१ चुंबकीय टेपांवर जपून ठेवले होते. डेव्हिड वाइझमन यांनी त्या टेपा वाचून काढल्या, म्हणून यूजनेटचं पहिलं दशक आज वाचता येतं. एका माणसाने कोणी न सांगता टेपा फेकल्या नाहीत आणि दुसऱ्याने त्या वाचणारं यंत्र चालू ठेवलं. या दोघांपैकी एक जरी नसता तरी ती दहा वर्षं गेली असती. आपल्याकडे मात्र संस्थेचं नाव बदललं, इमारत बदलली, की जुनी यंत्रं भंगाराच्या लिलावात जातात आणि टेपांना बुरशी चढते. जिथे ती अजून शिल्लक असतील, तिथे आधी टेपा वाचाव्यात. यंत्र उद्याही दुरुस्त होईल, टेप पुढच्या पावसाळ्याला टिकेलच असं नाही.

मराठी माणसाला यात आणखी एक जवळचं कारण आहे. नव्वदच्या दशकात यूजनेटवर ‘सोक कल्चर इंडियन मराठी’ हा ग्रुप होता. सी-डॅकच्या पुण्यातल्या जिस्ट तंत्राने संगणकावर देवनागरी आणली होती, पण तिच्या इस्की संकेताला आठ बिट लागत आणि न्यूजचा मजकूर सात बिटांचा. त्यामुळे घरापासून दूर बसलेली मंडळी रोमन लिपीत मराठी लिहीत. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने त्याला शिस्त आणली: मोठा टी म्हणजे ट, मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ. या पद्धतीत ‘मराठी’ हा शब्द ७ बाइटांत बसतो, आजच्या यूटीएफ-८ मध्ये त्यालाच १५ लागतात. परिणाम असा, की तेव्हाचा मराठी लेख स्पार्कस्टेशनवर जसाच्या तसा, एकही अक्षर न बिघडता उमटतो. आज कोणी देवनागरीत विषय लिहून लेख टाकला, तर जुन्या टिनला तो कळत नाही. बरोबरचं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह यांनी सुरू होणारी अगम्य रोमन अक्षरांची एक ओळ तेवढी दिसते.

हा दोष मध्यस्थाच्या जागी दुरुस्त होऊ शकतो. रास्पबेरी पायवर लेख आला, की देवनागरीचं आयट्रान्समध्ये रूपांतर करून तो जुन्या यंत्राकडे सोडायचा, आणि तिथून गेलेलं रोमन मराठी बाहेर पडताना देवनागरीत करायचं. बेलापूरच्या त्या केंद्रात शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना एका सत्रात जमेल एवढं हे काम आहे. त्यासाठी लागेल एक दुरुस्त केलेलं स्पार्कस्टेशन, एक रास्पबेरी पाय, नेटवर्कचा एक कोपरा, आणि बाहेरच्या शाळा-कॉलेजांच्या मुलांना आठवड्यातून एक दुपार आत येऊ देण्याची परवानगी.