शीळफाटा : मीटरवर न उमटणारे किलोमीटर

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे या चारही दिशांचे रस्ते एकत्र येतात. भिवंडीची गोदामे, तळोज्याचे कारखाने आणि न्हावाशेवाचे बंदर यांच्या मालाची मोठी वर्दळ याच नाक्यावरून होते. आपल्यापैकी अनेकांचे टेम्पो येथील कोंडीत खोळंबतात. तेव्हा मीटरचा आकडा जेमतेम सरकतो. इंजिन मात्र अखंड चालू असते.

आपण ऑइल बदलण्याची वेळ किलोमीटरवर ठरवतो. ऑइलची शक्ती मात्र उभ्या गाडीतही खर्च होत असते. तासभर उभ्याने चाललेले इंजिन सुमारे ४० किलोमीटर धावल्यासारखे धरावे, असा एक ढोबळ हिशेब आहे. रोज एक तास कोंडीत गेला, तर महिन्याच्या २५ दिवसांत मीटरवर न उमटलेले १००० किलोमीटर जमा होतात. म्हणूनच सततची कोंडी, धूळ आणि अवजड माल असेल, तर ऑइल लवकर बदलावे, असे उत्पादकांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते.

ऑइलचे कार्य केवळ वंगणाचे नाही. ते उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण फिल्टरपर्यंत पोहोचवते आणि ज्वलनातील आम्लांचा परिणाम रोखते. ही शक्ती सरली की बेअरिंग व टर्बो झिजू लागतात. पुढे इंजिन जाम झाले, तर ऑइलवर वाचवलेल्या रकमेच्या कित्येक पट खर्च येतो. शिवाय गिऱ्हाइकाचा माल अडकतो आणि चालकाला रात्र रस्त्यावर काढावी लागते.

यासाठी प्रत्येक वाहनाची स्वतंत्र वही ठेवावी. तीत ऑइल बदलल्याची तारीख, मीटरचा आकडा, ऑइलची प्रत, फिल्टर आणि कोंडीत गेलेले अंदाजे तास लिहावेत. आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी ऑइलची पातळी तपासावी. डिझेल इंजिनात नवे ऑइलही लवकर काळे पडते, त्यामुळे केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये. मात्र ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरल्याची शंका घ्यावी व गाडी चालवू नये.

काढलेले ऑइल गटारात वा मातीत ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे. गॅरेजमालकाला त्याविषयी अवश्य विचारावे.