ठराव ग्रामसभेचा, कसोटी राज्यघटनेची

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये एक ठराव संमत केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा हा ठराव होता, आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हाच मार्ग स्वीकारावा असे आवाहन केले. रस्ता, गटार आणि घरकुलांच्या याद्या यांपलीकडे ग्रामसभेचे काही काम असू शकते, हे या ठरावाने महाराष्ट्राला दाखवून दिले. म्हणूनच त्याचे महत्त्व एका गावापुरते उरत नाही.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. ग्रामपंचायत ही निवडून आलेल्या सदस्यांची संस्था असते, तर गावच्या मतदारयादीत ज्यांचे नाव आहे अशा सर्व स्त्रीपुरुषांचा समूह म्हणजे ग्रामसभा. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत स्थान मिळवून दिले. लोकसभेत आणि विधानसभेत नागरिक प्रतिनिधी पाठवतो. ग्रामसभेत मात्र तो स्वतः बसतो, बोलतो आणि हात वर करून निर्णयात सहभागी होतो. शहरातील मतदाराला अशी हक्काची सभा राज्यघटनेने दिलेली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे गावाच्या हाती असलेल्या या अधिकाराचे मोल कळते.

वैधव्याच्या रूढींचा इतिहास पाहता, असा अधिकार का लागतो याचे उत्तर सापडते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला, पण त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला तेव्हा कोकणातील मुरूड या त्यांच्या मूळ गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायद्याने जे मोकळे केले होते ते गावाने बांधून ठेवले होते, आणि ती गाठ सोडवण्याची ताकद न्यायालयापेक्षा गावाकडेच अधिक होती. रूढी टिकते ती प्रत्येकाला ती पटते म्हणून नव्हे. शेजारीपाजारी आणि भावकी काय म्हणतील या भीतीनेच ती बहुधा टिकते. ज्या घरात माणूस गेला आहे, तिथे त्या दिवशी बांगड्या फोडायला पुढे झालेल्या हातांना अडवण्याचे धैर्य मुलीला किंवा सुनेला मनात असूनही होत नाही. तोच विरोध आधीच, शांतपणे, साऱ्या गावाने एकत्र बसून नोंदवलेला असेल, तर त्या मुलीला एकटीने वाद घालावा लागत नाही, कारण तिच्या बाजूने गावाचा ठराव उभा असतो.

मात्र गावाने एकत्र येऊन घेतलेला प्रत्येक निर्णय चांगलाच असतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एकाच जातीच्या पंचांनी आपल्या माणसांवर चालवलेली सत्ता म्हणजे जातपंचायत. तिने कित्येक कुटुंबांना वाळीत टाकले, आणि त्या छळाला आवर घालण्यासाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. ग्रामसभाही याच वाटेने घसरू शकते. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव २०२५ मध्ये झाला आणि प्रशासनाने तो रद्द ठरवला, हे उदाहरण ताजे आहे. बहुमताने हात वर झाले म्हणून कोणाचा पोट भरण्याचा हक्क काढून घेता येत नाही; राज्यघटनेने दिलेला समतेचा हक्क आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य ग्रामसभेच्याही वरचे आहे.

म्हणून प्रत्येक ठरावाला एकच कसोटी लावली पाहिजे: तो दुर्बळावरचे ओझे उतरवतो, की त्याच्यावर नवे ओझे लादतो? हेरवाडचा ठराव या कसोटीला उतरतो, मात्र त्याचा अर्थ विधवेने कुंकू लावलेच पाहिजे असा नसून ते लावावे की नाही हे तिचे तिने ठरवावे, असाच घेतला पाहिजे. नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाने आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. त्यात दंडाच्या रकमेपेक्षा स्त्रियांचा अपमान हा गावाचा अपमान मानण्याची भूमिका मोलाची आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातला भोंगा वाजला की मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवण्याचा प्रघात २०२२ पासून सुरू झाला. तो सक्तीने चालला तर जाच होईल, पण पालकांनी स्वतःला घालून घेतलेली शिस्त म्हणून तो स्वागतार्ह आहे.

या कसोटीवर नजर ठेवायची तर सभेला माणसे हवीत. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती, म्हणजेच गणपूर्ती, नियमाला पुरेशी होते आणि सभा तहकूब झाली तर पुढच्या बैठकीला तेवढीही लागत नाही. परिणामी हजारो लोकवस्तीच्या गावाच्या नावाने मूठभर माणसे निर्णय घेतात, आणि त्यात स्त्रिया कमी असतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती नोंदवहीतील सह्यांपुरती उरली तर विधवांच्या प्रश्नावर पुन्हा पुरुषच बोलत राहतील. तेव्हा येत्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून एक पुरुष गेला म्हणजे झाले, असे न मानता त्या घरातील स्त्रीनेही जावे, ठरावाचा मसुदा वाचून घ्यावा, पटला नाही तर उभे राहून विरोध करावा आणि तो विरोध इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरावा.